मशिनी एक नंबर, पण काउंटरखाली भूलतज्ज्ञाची वायल : आमच्या पेठेतल्या एका जिमचा रिव्ह्यू

पाचपैकी दीड स्टार, आणि तो पण मशिनींना.

जिमचं नाव टाकत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिलाय, पुढं काय करायचं ते ते बघतील. शिवाय कोल्हापुरात असली ही एकच जिम असेल असं मला अजिबात वाटत नाही, त्यामुळं नावापेक्षा तिथं काय चालतं ते वाचा.

आधी चांगलं सांगतो. मशिनी नव्या कोऱ्या, केबल अडकत नाही, डंबेल जड वजनापर्यंत जोडीनं आहेत, स्क्वॉट रॅक दोन असल्यामुळं संध्याकाळच्या गर्दीत पण ताटकळायला लागत नाही. फी महिना १२००, तीन महिन्यांची एकदम भरली तर ३०००. एसी नावाला, आरसे मात्र भिंतभर, सेल्फीवाल्यांची चंगळ. पार्किंगचा विषय काढू नका, गाडी लावली की समोरचे काका गॅलरीतनं सुरू होतात.

ट्रेनर पोरगं गोड बोलतंय, फॉर्म पण नीट शिकवतंय. पण जरा ओळख झाली की जवळ येऊन हळूच, "भावा, लेग डेला दम लागतोय न्हवं? एक इंजेक्शन हाय बघ, जाळ आणि धूर संगटच!" आणि काउंटरखालनं काढलं काय, तर मेफेंटरमाईन नावाच्या औषधाची १० मिलीची वायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली. आता त्या बिचाऱ्याला काय माहीत की मी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन आहे आणि ही वायल माझ्या रोजच्या ट्रेमधली आहे.

हे औषध कशाला असतं ते सांगतो. सिझरला किंवा हर्नियाला पाठीत स्पायनल भूल दिली की पेशंटचं बीपी धाडकन खाली येऊ शकतं, तेव्हा भूलतज्ज्ञ हे थोडं थोडं शिरेतनं देतात, सलाईन चालू, ऑक्सिजन हाताशी आणि सगळ्यांची नजर मॉनिटरवर. हल्ली सिझरला फिनाइलेफ्रिन जास्त चालतं, तरी हे पण ठेवलेलं असतंच. आम्ही वायल फोडली की तिच्यावर तारीख टाकतो. जिममधल्या त्या वायलीचं रबरी बूच टोचून टोचून चाळण झालेलं, तारीख वगैरे विषयच नाही, आणि ड्रॉवरमध्ये बाजूला टोपण नसलेल्या सुईची एकच सिरिंज, म्हणजे औषध राहू दे बाजूला, नुसत्या त्या सुईनं हिपॅटायटिस बी, सी नाहीतर एचआयव्ही घरी घेऊन जाशील.

हे अँफेटामाईनच्याच खानदानातलं आहे. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं नॉरअॅड्रेनॅलिन, म्हणजे शरीराला जोर चढवणारं रसायन, बाहेर ढकलतं, म्हणून ठोके वाढतात, बीपी चढतं, झोप आणि भूक मरते, आणि दमलोय हेच कळत नाही. दंड वाढत नाही यानं, एक इंच पण नाही. बरं साठा संपत आला की दुसऱ्या तिसऱ्या वेळी तेवढा परिणाम होत नाही, हे आम्ही ओटीत मॉनिटरवर बघतो, जिममधली पोरं मात्र "आता चढंना" म्हणून डोस वाढवत बसतात. मग छातीत धडधड, रात्र रात्र जाग, कुणीतरी मागं लागलंय असले संशय, आणि नशीब फुटलं तर हार्ट अटॅक नाहीतर मेंदूत रक्तस्राव, तेही ऐन पंचविशीत.

या जातीची सगळी औषधं वाईट असं पण नाही हां. आमच्या मावसभावाच्या पोराला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही त्यासाठी, मिथाइलफेनिडेट चालू आहे, पोरगं आता वर्गात बसतंय, वही पुरी करतंय. पण ते औषध शेड्यूल एक्स म्हणजे कडक नियमांच्या यादीतलं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, त्यातली एक मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो, माल कुलपात, आणि त्यासाठी वेगळं लायसन लागतं म्हणून प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत पण नाही, भाऊ दर महिन्याला वणवण फिरतो. आणि इथं प्रोटीनच्या डब्यामागनं बिनचिठ्ठीची वायल निघते, छापील किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊन!

२०२१ मध्ये चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीला मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, कारखाना पकडला तेव्हा सगळं गाव तोंडात बोट घालून बसलं होतं. हे त्याच भावकीतलं, पण 'प्री-वर्कआउट' म्हटलं की कुणाला काय वाटत नाही.

सगळ्यात राग आला तो एका पैलवान पोराला हे देताना बघून. सकाळी तालमीत लाल माती, संध्याकाळी इथं वजन मारायला येणारं. त्याला विचारलं, बाळा हे वाडाच्या, म्हणजे खेळातली डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत आहे माहितीय काय? नाही म्हणाला. स्पर्धेच्या वेळी नाडानं, म्हणजे तसल्याच आपल्या देशातल्या संस्थेनं, सॅम्पल घेतलं आणि यात सापडला तर चार वर्षांपर्यंत घरी. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदान बांधलं तिथल्या पोराला थंडाई आणि दुधाऐवजी भूलतज्ज्ञाचं औषध, काय बोलायचं आता.

कुणी घेतलं असेल आणि छातीत दुखायला लागलं, डोकं फुटायला आलं, तर लाजू नका, सरळ सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि इंजेक्शनचं नाव डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवलं तर त्यांनी कशावर उपचार करायचे? रिकामी वायल असेल तर तीच दाखवा.

मी सोडली जिम. उरलेल्या फीचं विचारलं तर "नो रिफंड, पावतीवर लिहिलंय की" म्हणाला. बघितलं, खरंच लिहिलंय. इंजेक्शनची पावती मात्र कुणालाच देत नाहीत.