आठ महिन्यांनंतर: कॅमेरा झकास, पण तो ठिपका!

रिको जीआर ३: खिशात मावणारी बॉडी, एपीएस-सी (मोठ्या आकाराचा) सेन्सर, २८ मिमी समतुल्य एफ/२.८ लेन्स (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक बारीक). स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत. फोटो अप्रतिम येतात. बॅटरी दोनेकशे फोटोंत मान टाकते, जोडीला दुसरी ठेवा, विषय संपला. बोलायचंय ते धुळीबद्दल.

सहाव्या महिन्यात फोटोंतल्या आकाशात उजवीकडे राखाडी ठिपका. तुमच्याकडे आहे का ते बघा: एफ/१६, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, मॅन्युअल फोकस अगदी जवळचा, समोर कोरी भिंत, एक्सपोजर +१. शटर मंद पडेलच, तेवढ्यात कॅमेरा थोडा हलवा. भिंतीवरचे डाग पुसले जातात, ठिपका जागचा हलत नाही.

कारण साधं आहे. कॅमेरा सुरू केला की लेन्सची नळी बाहेर येते, आतली जागा वाढते आणि फटीतून हवा ओढली जाते. पिचकारीच ती! हवेबरोबर खिशातले तंतूही आत. लेन्स निघणारी असती तर ब्लोअरने दोन फुंका पुरल्या असत्या. इथे सगळं खोलावं लागतं, आणि लेन्स परत बसवताना सेन्सरशी जराही तिरकी राहिली की फोटोची एक कड मऊ. घरी स्क्रू ड्रायव्हर लावू नका. नळीला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा सल्लाही ऐकू नका, नळी नाजूक असते.

इथवर दोनच तारे देणार होतो. मग हिशेब केला. धूळ सेन्सरवर नव्हे, त्याच्या वरच्या काचेवर बसते. ते अंतर १ मिमी धरलं तर एफ/१६ ला सावलीची कड ०.०६ मिमी पसरते, एफ/४ ला ०.२५ मिमी, म्हणजे ठिपका विरून जातो. तसंही २४ मेगापिक्सेलवर एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्याने) धार बोथट होतेच. मग तिकडे जायचंच कशाला?

भर उन्हात एफ/२.८ वर मात्र राहता येत नाही, कारण लीफ शटर (लेन्समधलंच पात्यांचं शटर) एफ/२.८ ला १/२५०० सेकंदाच्या पुढे जात नाही. पात्यांना पूर्ण भोक झाकायचं असतं. त्यावर इलाज आतच आहे: दोन स्टॉपचा एनडी, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश करणारा काळसर फिल्टर. तो एका बटणावर टाका. आयएसओ १००, एफ/२.८, कडक ऊन: १/३२०० ऐवजी १/८००. ठिपका आतच आहे, फोटोत नाही.

तीन तारे. नळीभोवती नीट सील दिलं असतं तर जाडी कितीशी वाढली असती?