नवीन थ्रॉटल बॉडी म्हणून आमचीच जुनी धुऊन बसवली, कोल्हापूरकरांनो जरा जपून

ज्यांच्याकडं दहा-पंधरा वर्षांची जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी हे वाचाच, माझे साडेअठरा हजार गेलेत आणि "नवीन" म्हणून बसवलेला पार्ट आमचाच निघालाय. गॅरेजचं नाव घेत नाही, हायवेच्या बाजूला आहे एवढंच.

गाडी २००९ ची, अण्णांनी शोरूममधनं घेतलेली, तेव्हापासून घरातच. जोतिबाचा घाट चढताना मधेच पिकअप गेला, इंजिनची पिवळी लाईट लागली आणि पेडल पार खालपर्यंत दाबलं तरी गाडी आपली रांगतीय. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठणठणीत, मग परत तेच.

आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांना ॲक्सिलरेटरची केबल नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेडलवरचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो पाय किती दाबलाय, मग ईसीएम थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात हवा किती सोडायची ते ठरवणारा पार्ट) छोट्या मोटरनं आतला फ्लॅप उघडतो. पेडललाही दोन सेन्सर आणि थ्रॉटल बॉडीलाही दोन, एक खोटं बोलायला लागला तर दुसऱ्यावरनं कळावं म्हणून. दोघांचं जुळलं नाही की ईसीएम मोटरची पॉवर काढून घेतो, स्प्रिंग फ्लॅपला जरासा उघडा धरून ठेवते आणि तेवढ्यावर गाडी कशीबशी कडेला घेता येते. लिंप मोड म्हणतात तो हाच.

आता गॅरेजवाल्यानं काय केलं बघा. स्कॅनर लावला, पी२१३५ कोड आला, लगेच म्हणला "दादा थ्रॉटल बॉडी गेली, आणि २०१९ च्या पुरात गाडी पाण्यात होती काय? ईसीएममध्ये पण ओल असणार." अरे आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं! पण कोल्हापुरात पुराचं नाव काढलं की माणूस निम्मा गारच पडतो की. ईसीएमचे पस्तीस हजार सांगितले, दोन मिनिटं मला तसंच घाम फोडत ठेवलं आणि मग उपकार केल्यासारखं "तुमच्यासाठी आत्ता नुसती थ्रॉटल बॉडी टाकू, ईसीएमचं पुढं बघू". पस्तीस ऐकल्यावर साडेचौदा स्वस्तच वाटतात, सगळी ट्रिक तिथंच आहे.

नवीन पार्टचा खोका आणून दाखवला, मी त्याचा फोटो पण काढला. संध्याकाळी हातानं लिहिलेला कागद दिला, थ्रॉटल बॉडी १४,५००, लेबर २,०००, प्रोग्रामिंग २,०००. जुना पार्ट मागितला तर म्हणे एक्सचेंजमध्ये गेला. ते प्रोग्रामिंग म्हणजे थ्रॉटल काढला-साफ केला की फ्लॅप पूर्ण बंद कुठं होतो हे ईसीएमला परत शिकवायचं असतं तेवढंच, काही गाड्यांत नुसती चावी ऑन करून थांबलं तरी होतं आणि काहींत स्कॅनर लागतो, पण त्याला दोन हजार म्हणजे लईच झालं ओ.

गाडी काही दिवस पळाली, मग घाटात परत तेच. शेवटी मित्रानं उद्यमनगरातल्या एका वयस्कर वायरमनकडं पाठवलं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी कोड बघितला आणि म्हणाले, "ह्यो कोड दोघांचं जुळंना एवढंच सांगतोय, पार्ट मेला असं कुठं म्हणतोय?" इंजिन बंद, चावी ऑन, स्कॅनरवर लाईव्ह डेटा लावला आणि मला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. आमच्या गाडीत एका सेन्सरचा व्होल्टेज चढतो, दुसऱ्याचा तेवढाच उतरतो, बेरीज कायम पाचच्या आसपास. (सगळ्या गाड्यांत असं नसतं, पेडलच्या सेन्सरला तर बऱ्याचदा एकाच्या दुप्पट दुसरा असतो, आपल्या मॉडेलचे आकडे बघायचे.) सगळं बरोबर येत होतं. मग त्यांनी थ्रॉटलकडं जाणारी वायरिंग वाकडी केली, हलवली, आणि कनेक्टरपासून चार बोटांवर धरली की दुसरा सेन्सर धाडकन शून्यावर! वरचं प्लॅस्टिक चांगलं, आत तांब्याची तार तुटलेली आणि हिरवी पडलेली. इंजिन तापलं, हललं की कॉन्टॅक्ट सुटायचा. गॅरेजवाल्यानं कनेक्टर काढून परत घातला तेव्हा वायर हलून तात्पुरती धरली होती, म्हणून ते काही दिवस पळाली. नवीन तुकडा सोल्डर करून स्लीव्ह चढवली, सहाशे रुपये.

आणि मग मामांनी टॉर्च मारून विचारलं, "ही नवीन बसवलीया व्हय?" बाहेरनं चकचकीत, पण मॅनिफोल्डकडच्या (इंजिनात हवा नेणारा पाईप) बाजूला काळा कार्बन तसाच, आणि स्टिकरवर तारीख २००९ ची. मी पूर्वी एअर फिल्टर बदलताना बॉनेट उघडून फोटो काढले होते ते मोबाईलमध्ये शोधले. स्टिकरचा तोच कोपरा फाटलेला, शेवटचे चार आकडे तेच. म्हणजे आमचीच थ्रॉटल बॉडी काढली, स्प्रे मारून पुसली आणि आम्हालाच विकली.

दोन्ही फोटो घेऊन गेलो तर मालक म्हणतो "गाडी पळत हुती का न्हाई? मग?" सोबत अण्णा होते म्हणून मी गप्प राहिलो. कागदावर जीएसटी नंबर नाही, गॅरेजचा शिक्का पण नाही, पण पैसे यूपीआयनं दिलेत आणि व्हॉट्सॲपवर "नवीन बॉडी टाकली" असा त्याचा मेसेज आहे. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार नोंदवलीय, नाहीच काही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.

आता एक काम करा. त्यानं मला दाखवलेल्या खोक्याचं झाकण एका बाजूनं फाटलंय, वर ब्राऊन टेप आहे आणि निळ्या मार्करनं ७ लिहिलंय. हाच खोका अजून कुणाला दाखवलाय का? असेल तर मेसेज करा, तक्रारीला जोडायचंय.