होम असिस्टंट आणि झिग्बी डोंगल: जमतंय बरं का

वेगवेगळ्या कंपन्यांचे बल्ब, प्लग, सेन्सर आणि प्रत्येकाचं वेगळं अ‍ॅप, या कटकटीला वैतागून होम असिस्टंट (घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, सोबत झिग्बीचा (अशी उपकरणं एकमेकांशी बोलतात ती वायरलेस पद्धत) यूएसबी डोंगल, आता सगळं एकाच स्क्रीनवर आलंय. भारी म्हणजे नेट गेलं तरी मोशन सेन्सरवर पॅसेजमधला लाइट लागतोच, कारण सगळं घरातल्या घरात चालतं, क्लाउडची भानगडच नाही. डोंगल मात्र थेट यूएसबी ३ पोर्टला खुपसू नका, त्या पोर्टमुळे झिग्बी ज्यावर चालतं त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर डिस्टर्बन्स येतो आणि सेन्सर सारखे गायब होतात, एक्स्टेंशन केबल लावून जरा लांब ठेवला की निमूट चालतो. आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही हे घरच्यांना बजावून ठेवा, बरेचसे झिग्बी बल्ब पुढच्या डिव्हाइसला सिग्नल पोचवतात, एक बंद पडला की त्याच्या जिवावरचेही लटकतात (ऐकतंय कोण ते सोडा). २०२२ मध्ये आलेल्या मॅटरवरपण (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं सामायिक स्टँडर्ड) एक बल्ब जोडला, क्यूआर कोडने पटकन पेअर झाला, पण कंपनीच्या अ‍ॅपमधले कलर इफेक्ट इथे दिसतच नाहीत, नुसतं ऑन-ऑफ, ब्राइटनेस आणि रंग. सेटअपला डोकं लावावं लागतं, तेवढा वेळ नसेल तर सरळ रेडीमेड हब घ्या. माझ्याकडून ४ स्टार.