प्लास्टरचा १३ नगी गोठा: बाळ सुटं असेल तरच घ्या

नाताळ जवळ आला की नाशिकच्या सजावटीच्या दुकानांत गोठ्याचे, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा मांडायच्या पुतळ्यांचे, सेट दिसू लागतात. त्यातला नेहमी नजरेस पडणारा सेट म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा, सहा इंची, खोक्यात भरून येणारा. त्याचाच हा रिव्ह्यू. दुकानातच खोकं उघडून घ्या आणि नग मोजा. मरिया, योसेफ, बाळ, गव्हाण, देवदूत, दोन मेंढपाळ, तीन ज्ञानी (पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले), बैल, गाढव, मेंढी असे १३ भरले पाहिजेत. १२ भरले तर बहुधा बाळ आणि गव्हाण एकाच साच्यातून काढलेली असतात. असा सेट घेऊ नका, रंगकाम कितीही सुबक असलं तरी.

नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो. तेव्हापासून गोठा मांडायला घेतात, पण गव्हाण रिकामी ठेवतात. घरात येता-जाता ती रिकामी जागा दिसत राहते आणि वाट पाहणं म्हणजे काय ते मुलांनाही न सांगता कळतं. २४ तारखेच्या रात्री बाळ तिथे ठेवलं जातं. बायबलमध्ये येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द देही झाला’ असं म्हटलंय. ख्रिस्ती श्रद्धेतला नाताळ या तीन शब्दांत आला. देव माणसाच्या जगात माणूस होऊन आला, तोही दुसऱ्या कुणी उचलून घ्यावं लागतं अशा वयात. बाळ हातात घेऊन गव्हाणीत ठेवताना हा अर्थ हाताला कळतो. बाळ चिकटवलेलंच असेल तर आगमनकाळ सुरू होतो त्या दिवशीच जन्म होऊन गेलेला असतो आणि पुढचे तीन-चार आठवडे गोठा नुसता शोभेचा उरतो.

काही सेटमध्ये बाळ वेगळं ओतलेलं असतं, पण वाहतुकीत पडू नये म्हणून गरम गोंदाचा ठिपका देऊन बसवलेलं असतं. हे दुरुस्त होतं. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिट-दोन मिनिटं त्या सांध्यावर मारा, गोंद मऊ झाला की बाळ हळूच फिरवून सोडवा. सुरी घालू नका, प्लास्टरचा टवका उडतो. एकाच साच्यातलं असेल तर मात्र इलाज नाही.

मापाकडे लक्ष द्या. उभा योसेफ सहा इंचांचा असेल तर नवजात बाळ दोन इंचांच्या आत हवं. या सेटमधलं बाळ अडीच इंचांचं आहे आणि सहा महिन्यांचं वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात देवदूताने मेंढपाळांना खूण दिली आहे ती बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलेल्या बालकाची. इथे बाळ उघडं, हात पसरलेलं आहे. पाश्चात्त्य चित्रांतून आलेली ती रीत चुकीची म्हणता येणार नाही, पण जुन्या मलमलीची दोन बोटं रुंद पट्टी सैलसर गुंडाळली तर मापही झाकतं आणि लूकच्या ओळीजवळही जाता येतं.

गव्हाण मात्र या सेटमध्ये चांगली जमली आहे. पाळण्यासारखी नक्षी नाही. साधं, खोल, जनावरांना चारा घालायचं भांडं आहे. बेथलेहेम या नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’. त्या गावात जन्मलेलं बाळ खाण्याच्या भांड्यात निजवलं जातं आणि मोठेपणी ‘जीवनाची भाकर मीच आहे’ म्हणतं. इतकं सगळं सांगणाऱ्या वस्तूला सोनेरी रंग दिलेले सेटही मिळतात. ते टाळा.

बैल आणि गाढव यांचा उल्लेख शुभवर्तमानांतल्या जन्मकथेत नाही. ते आले बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या ओळीतून: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली, तेव्हापासून गोठ्याची प्रथा पसरत गेली. म्हणून दोन्ही जनावरांची तोंडं गव्हाणीकडे वळलेली हवीत. या सेटमधलं गाढव समोर, बघणाऱ्याकडे बघतं. तिरकं ठेवून वेळ मारून नेता येते.

ज्ञानी लोक तीनच होते असं मत्तयाचं शुभवर्तमान सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस (एक सुगंधी डिंक) ही तीन दानं सांगतो. शिवाय ते गोठ्यात आले असंही म्हणत नाही, घरात आले म्हणतो. त्यामुळे हे तीन पुतळे पहिल्या दिवसापासून गव्हाणीशेजारी गर्दी करायला नकोत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या कपाटावर ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ज्ञानी लोकांच्या भेटीची आठवण करणारा प्रकटीकरणाचा सण ६ जानेवारीचा, आपल्याकडच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या सुमारास येणाऱ्या रविवारी. तेव्हा पोचू देत. गंधरस घेतलेला पुतळा कोणता ते मुलांना दाखवा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळीही गंधरस आणतात.

एक घोटाळा नाशकात विशेष होऊ शकतो. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरामुळे डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोल, अंगात झगा अशी उभी मूर्ती सगळ्यांच्या ओळखीची. मूळ मूर्ती प्रागमधली, १६२८ साली कार्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या संन्याशांना दान मिळालेली. सेटमधलं बाळ हरवलं की त्याच्या जागी ही छोटी मूर्ती ठेवावीशी वाटते. तसं करू नका. तिच्यात बाळ येशू राजा म्हणून उभा आहे, त्या मूर्तीला स्वतंत्र जागा द्या. गव्हाणीत निजलेलंच बाळ हवं, कुंभाराकडून मातीचं करून घेतलं तरी चालेल.

प्लास्टरला सगळ्यात मोठा धोका ओलीचा. डिसेंबरात नाशिकची थंडी आणि पहाटेचं दव यात अंगणातल्या गोठ्याचे पुतळे तळातून ओल शोषतात, आधी पांढरी भुकटी सुटते, मग रंगाचे पापुद्रे. गवताखाली प्लास्टिकचा कागद आणि प्रत्येक पुतळ्याखाली फरशीचा तुकडा घाला. इगतपुरी-त्र्यंबककडचा भाताचा पेंढा मिळाला तर उत्तम, पण दोन दिवस कडक उन्हात वाळवून, झटकून वापरा, नाहीतर किडे निघतात. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको. सेटबरोबर येणारा पिवळा बल्ब तापतो, तो काढून एलईडी माळ लावा.

हिरवळीसाठी प्लास्टिकचं गवत विकत घेण्यापेक्षा गहू पेरा. दोन मुठी गहू रात्रभर भिजत घाला, उथळ ताटलीत दोन बोटं मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या. घटस्थापनेला करतो तसंच, फक्त थंडीत उगवण हळू होते म्हणून १२ डिसेंबरलाच पेरा. २४ तारखेपर्यंत चार-पाच बोटं वाढतात. रोज पाणी शिंपडा, ओतू नका, बुरशी येते. ताटली पुतळ्यांपासून वीतभर लांब ठेवा.

खोक्यातला पुठ्ठ्याचा गोठा तकलादू आहे, त्याच्या मापाचा लाकडी करून घ्या. समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवा, कुंपण किंवा दार नको. मरिया-योसेफांना उतारशाळेत जागा नव्हती म्हणून गव्हाण, हे विसरायला नको. शरणपूर हे आपल्याच शहरातलं नाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही आसरा मिळाला होता. देवदूताच्या हातात ‘हॅपी ख्रिसमस’ची पट्टी येते, ती काढून ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ लिहून लावा. फुकट येणारा सांता झाडाखाली ठेवा, गोठ्यात नको. ज्या घरांत मूर्ती मांडत नाहीत त्यांनी खोकं घेऊच नये; रिकामी मातीची गव्हाण आणि शेजारी लूकचा दुसरा अध्याय उघडलेलं बायबल पुरतं.

सण झाल्यावर पुतळे कोरड्या ब्रशने झटका, ओला फडका लावू नका. बबलच्या प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, वर्तमानपत्र बरं. बाळ मात्र खोक्यात टाकू नका. सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डबीत ठेवा आणि झाकणावर लिहा: २४ डिसेंबर, रात्री.