वाचनालयातील माध्यम-परिभाषा वर्ग
दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी भरणाऱ्या या वर्गाला मी चार आठवडे गेलो. 'द्वारपाल', म्हणजे कोणती बातमी पुढे जाऊ द्यायची हे ठरवणारा, ही संज्ञा शिकवताना, कापसाच्या भावाची बातमी तालुक्याच्या वार्ताहराकडून निघून नागपूरच्या संपादकाच्या मेजापर्यंत कुठेकुठे अडू शकते, हे शिक्षकांनी फळ्यावर रेखाटले, तेव्हा व्याख्या पाठ करण्याची गरजच उरली नाही. मॅककॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी माध्यम-अभ्यासकांनी १९७२ मध्ये मांडलेली 'अजेंडा सेटिंग' ही कल्पना, म्हणजे कोणता विषय महत्त्वाचा मानावा हे माध्यमांच्या निवडीवरून वाचकांच्या मनात ठरत जाते, तीही बोंडअळीच्या बातम्यांवरून नीट उलगडली. चिन्हमीमांसा, म्हणजे शब्द-चित्रांसारख्या चिन्हांना अर्थ कसा मिळतो याचा अभ्यास, मात्र अर्ध्या तासात उरकली. तिचा पाया घालणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचे नाव फळ्यावर आले आणि लगेच पुसलेही गेले. छापील टिपणांत एकाच संज्ञेचे मराठी प्रतिशब्द पानोपानी बदलतात, हा दोष पुढील तुकडीपूर्वी दुरुस्त व्हायला हवा.