सिरियम नायट्रेट, आठ महिन्यांनंतर: माल चांगला, बूच भिकार

सिरियम नायट्रेट म्हणजे सिरियम या धातूचं मीठ. रेणुभार, शुद्धता वगैरे लेबलवर असतंच, ते पुन्हा लिहीत नाही. मला बोलायचंय ते बुचाबद्दल.

जूनच्या सुरुवातीला रत्नागिरीत आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये १०० ग्रॅमची बाटली आली. उघडली तेव्हा खडीसाखरेसारखे स्वच्छ खडे. पंधरा दिवसांनी पाहतो तर तळाशी पाक! झाकणाखालचं प्लास्टिकचं बूच कडेला तडकलेलं. पुरवठादाराला फोन केला, तर म्हणे, "सर, तुमच्याकडची हवाच दमट." अहो, म्हणूनच तर बूच लागतं ना!

ओलं झालं म्हणून हे मीठ नासत नाही, वजन तेवढं खोटं पडतं. मोजून ४.३४ ग्रॅम घ्यावं, तर त्यात सिरियम किती आणि पावसाचं पाणी किती, देव जाणे. काट्यावर ठेवल्या ठेवल्या आकडा वर सरकतो. एका विद्यार्थ्याने मिठाच्या बरणीत टाकतात तसे तांदूळ टाकायचं सुचवलं. बाबा रे, हे नायट्रेट आहे, जळायला मदत करणारं. तांदूळ म्हणजे त्याला सरपणच. सांडलेलं टिश्यूने पुसून तो कागद कचऱ्यात टाकणंही त्याच कारणाने बंद केलं.

ऑगस्टपर्यंत माझं मत होतं, घेऊ नका. पण पैसे मोजलेत, टाकवेना. शेवटी सगळा पाक तोलला, ०.५ मोलर (लिटरला अर्धा मोल) धरून पाण्यात विरघळवला, त्यातले १० मिलि क्रुसिबलमध्ये (मुशीत) आटवून भट्टीत ८०० अंशांवर तापवले. हिशेबाने ०.८६ ग्रॅम सिरियम ऑक्साइड यायला हवं होतं, आलं ०.७९. म्हणजे द्रावण ०.४६ मोलर. आकडा बाटलीवर चिकटवला आणि मग पाऊस गेला खड्ड्यात. हे जूनमध्येच सुचायला हवं होतं. आता घ्या म्हणतो, पण आल्या दिवशी द्रावण करून टाका.

कामाला मात्र तक्रार नाही. ग्लायसीन या अमिनो आम्लाबरोबर आटवलं की आधी मध, मग फेस, मग एकदम भपका! मागे राहते फिकट पिवळी, फुंकरीने उडेल अशी ऑक्साइडची हलकी पूड. बीकर मोठा घ्या आणि फ्यूम हूडची (धूर ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली ठेवा, तांबूस धूर विषारी असतो. गंज रोखायलाही वापरून पाहिलं: तांबं असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात ठेवल्या होत्या. नुसत्या खाऱ्या पाण्यातली खड्डे पडून काळवंडली. लिटरला ग्रॅमभर नायट्रेट टाकलेल्या पाण्यातलीवर नुसते पिवळसर डाग. गंज जिथे सुरू होतो, तिथेच सिरियमचा थर बसतो.

सेंद्रिय रसायनात ऑक्सिडीकरणासाठी हवं असेल तर हे नको, नारिंगी सेरिक अमोनियम नायट्रेट घ्या. अल्कोहोलच्या चाचणीलाही तेच.

जानेवारीत दुसरी बाटली मागवली. खडे बघायच्या आधी झाकण फिरवलं. या खेपेला बूच तडकलेलं नव्हतं. बूच नव्हतंच.