सिएरा लिओनची डीडीआर योजना: शाळेत पास, मुलींच्या बाबतीत नापास

डीडीआर म्हणजे लढणाऱ्यांकडून शस्त्रं काढून घेऊन, त्यांना टोळीतून सोडवून परत समाजात आणायची योजना. तिच्या मुलांसाठीच्या भागाला ५ पैकी ३ स्टार देतोय, आणि कापलेले दोन का ते खाली सांगतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात १९९१ ते २००२ च्या यादवीत आरयूएफ या बंडखोर संघटनेने पोरं पळवून लढायला लावली, सरकारच्या बाजूने लढणाऱ्या सीडीएफ या सशस्त्र गटामध्येही लहान मुलं होतीच. त्यांच्याकडून शस्त्रं काढून घेऊन घरी पोचवायची ही योजना, जवळपास ६,८०० मुलं यातून गेली. कमांडरपासून आधी तोडायचं, मग युनिसेफच्या मदतीने चालणाऱ्या केंद्रात ठेवायचं, तोवर घरचे शोधायचे. क्रम अगदी बरोबर आहे, कारण कमांडर जवळपास असला की मूल त्याचंच ऐकतं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मुलांच्या हातात रोख पैसे दिले नाहीत. शेजारच्या लायबेरियात नंतर मुलांनाही ३०० डॉलर दिले आणि त्यातला वाटा कमांडर लोकांनी खाल्ला! इथे काय केलं, तर जी शाळा अशा मुलाला घेईल तिलाच शिकवायचं आणि खेळायचं साहित्य दिलं, म्हणजे ज्या गावाला हा पोरगा नकोसा वाटत होता त्याच गावातल्या बाकीच्या पोरांनाही त्याच्यामुळे काहीतरी मिळालं. खरंच डोकं लावून केलंय हे. संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यातही हेच दिसतं की गावाने आपलं म्हटलं, शाळा सुटली नाही, की मूल सावरतं, आणि टोमणे चालूच राहिले की खचत जातं.

आता मुलींचं. नियमाने मुलांना बंदूक जमा करायची अट नव्हती, पण प्रत्यक्ष कॅम्पवर बंदूक मागायचे, एके-४७ खोलून परत जोडून दाखव म्हणायचे. जी मुलगी जंगलात स्वयंपाक करत होती, लुटीचं ओझं वाहत होती, जिला कमांडरने जबरदस्तीने बायको करून ठेवलं होतं तिने काय जोडून दाखवायचं? आणि जिच्याकडे बंदूक होती तिचीसुद्धा कमांडरने काढून दुसऱ्याला दिली असेल तर ती गेलीच लिस्टमधून. शेवटी आत आलेल्या मुलांमध्ये मुली दहा टक्केही नव्हत्या, टोळ्यांमध्ये त्या कितीतरी जास्त होत्या. मागाहून त्यांच्यासाठी वेगळा प्रकल्प काढला, पण तोवर बऱ्याच जणी मूल घेऊन निघून गेलेल्या, काही तर त्याच माणसाकडे राहिल्या. दीड स्टार इथेच गेला.

उरलेला अर्धा मोठ्या पोरांच्या ट्रेनिंगचा. शिवणकाम, सुतारकाम काही महिने शिकवलं, पण युद्धाने भिकेला लागलेल्या गावात एवढ्या शिंप्यांकडे कपडे शिवायला येणार कोण, याचा विचार आधी व्हायला हवा होता.